तुझा अंदाज, आमची टेकडी

रांग मोडायची तुझी खोड जुनीच, मिलिंदा. दुष्काळात शाळेत सुकडी वाटायचे तेव्हा मी ताटली धरून उभी असायचे आणि तू माझ्या काखेखालून पुढं सरकायचास. "आक्का, मी लहान हाय, मला आदी." मी जाऊ द्यायचे. या वेळी जाऊ दिलं नसतं. तुझ्याहून मोठी मी, बीपी माझं, गुडघे माझे गेलेले. नंबर माझा होता. तू कोण रे मधी घुसणारा?

तू गेलास त्या सकाळी तुझ्या लेकीचा पुण्याहून फोन आला. "आत्या, बाबा..." एवढंच बोलली पोरगी. झोपेतच गेलास म्हणे. सगळे म्हणतात, भाग्याचं मरण. असेल. मला मात्र लई राग आला तुझा, आणि तो लवकर गेला नाही. जन्मभर दुसऱ्यांना पुढचं सांगत फिरलास, स्वतःचं काही सांगायचं सुचलं नाही होय?

मागच्या रविवारी आपल्या विहारात तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. भन्तेजी आले, वंदना झाली, सगळं गाव आलं. वाड्यावरचे आले, वस्तीवरचे आले, घाटनांदूरहून तुझे वर्गमित्र आले. तुझ्या ऑफिसातली माणसं पुण्याहून गाड्या करून आली. त्यातले एक साहेब माइक धरून म्हणाले, "देशाची अर्थव्यवस्था कधी पडेल, कधी उठेल, हे सरांनी सांगावं आणि तसंच घडावं. सरांचा अंदाज कधी चुकला नाही." माझ्या मागं आमच्या संस्थेतली कौसा बसली होती. तिनं मला कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाली, "बाई, ह्ये सायेब आपल्या टेकडीवर आलेले न्हाईत वाटतं."

आणि मी हसले रे. सख्ख्या भावाच्या पुण्यानुमोदनाला, पहिल्या ओळीत बसून, तोंडात पदर कोंबून हसले. लोकांना वाटलं बाई रडतेय. ते खोटं नव्हतं, दोन्ही एकदम चाललं होतं. मग कुणीतरी म्हणालं, "ताईंनी दोन शब्द बोलावेत." मला उठताच येईना. चाळीस पोरांच्या वर्गात जन्म गेला माझा, कधी आवाज बसला नाही, तो त्या दिवशी बसला. ते दोन शब्द आता लिहून काढतेय. दोनावर भागणार नाही, ते तुला ठाऊकच आहे.

साहेबांना आपली टेकडी कुणीतरी सांगायला पाहिजे होती. धर्मापुरीच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला दिसते ती, खडकाळ, उजाड, अंगावर नुसती सीताफळाची झाडं. कुणी लावली नाहीत, कुणी पाणी घातलं नाही. त्या झाडाच्या पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही. एका दुष्काळात विहिरी आटल्या, ज्वारी करपली, छावणीत गुरं गेली, आणि टेकडीवर सीताफळं मात्र लगडली. त्या वर्षी आम्ही बायकांनी सहकारी संस्था काढली. फळ फोडायचं, बी काढायची, गर गोठवायचा आणि पुण्या-हैदराबादच्या आइस्क्रीमवाल्यांना, लग्नाच्या आचाऱ्यांना विकायचा. सुरुवातीला कुजबुज झालीच, कुणाच्या हातचा गर कुणाच्या बादलीत म्हणून. मी म्हटलं, बादली एकच राहील, ज्याला चालत नसेल त्यानं घरी बसावं. घरी कुणी बसलं नाही. दुष्काळानं माणसाला एवढी अक्कल येतेच. मी नोकरीतून निवृत्त झाले आणि बायकांनी मला चेअरमन केलं. तू फोनवर म्हणालास, "आक्का, आता तू उद्योगपती." तुझं टोमणे मारणं कधी चुकलं नाही, अंदाज चुकला असेल.

मग कोरोना आला. तू चार दिवसांसाठी म्हणून आला होतास आणि लॉकडाऊन लागला. मला मनातून किती आनंद झाला, काय सांगू. जग बुडत होतं आणि मला भाऊ घरी मिळाला होता. गच्चीवर पाण्याच्या टाकीपाशी तेवढी रेंज यायची, म्हणून तू तिथं खाट टाकलीस, लॅपटॉप उघडलास, डोक्यावर माझी जुनी साडी ताणलीस. आणि तिथनं तू देशाचा अंदाज बांधायला लागलास. दिल्ली, मुंबई, कुठकुठली माणसं त्या टाकीपाशी बोलायची. मधीच खालून भाजीवाला ओरडायचा आणि तू त्या साहेबांना म्हणायचास, "एक मिनिट, मेथी घेतो."

मी विचारलं होतं, "अंदाज बांधतोस म्हणजे करतोस काय नेमकं?" तू म्हणालास, "इचारत बसतो." आणि खरंच विचारत बसायचास. पेट्रोल पंपावरच्याला विचारायचास, डिझेल किती खपतंय. मंडपवाल्याला विचारायचास, कुणी तारीख धरली का. न्हाव्याला, किराणावाल्याला, मोठ्या साबणाऐवजी लहान वडी मागतात का लोक म्हणून. मी म्हणाले, "एवढं शिकून ह्याच चौकशा करायच्या होत्या तर पुण्याला कशाला गेलास? आपल्या पारावर बसला असतास." तू म्हणालास, "पारावर बसलो असतो तर पगार कोन दिला असता?"

संध्याकाळी लोक तोंडाला रुमाल बांधून खाली यायचे. चाकणच्या कंपनीतून परत आलेली पोरं, ऊसतोडीहून अर्ध्यात आलेली जोडपी. सगळ्यांचा एकच प्रश्न, "सर, कवा सुरळीत हुईल?" तू गच्चीवरनं वाकून समजावून सांगायचास. मला पटलेलं एक अजून ध्यानात आहे. तू म्हणाला होतास, "देशाचा आकडा पुढच्या साली जोरात वर गेलेला दिसंल. पन खड्ड्यात पडलेला मानूस नुसता जमिनीवर आला तरी चढला असंच दिसतं. आन् खड्ड्यातून आदी कोन निगंल? ज्याच्याकडं शिडी हाय त्यो." लोक मान हलवायचे आणि पुन्हा विचारायचे, "ते खरं सर, पर कवा?"

आमचंही तेच झालं. भादवा लागला, फळं भरायला लागली आणि संस्थेपुढं प्रश्न उभा राहिला. गर आत्ता काढायचा, गोठवायचा, आणि खपणार पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात देशात लग्नं होणार का, लोक आइस्क्रीम खाणार का, हे आम्हाला आत्ता कळायला पाहिजे होतं. नाही कळलं आणि गर पडून राहिला, तर फ्रीजरच्या लाइटबिलातच संस्था बसली असती. मोठमोठ्या बँकांना पडला होता तोच प्रश्न, फक्त आमचा प्रश्न झाडावर लटकत होता. आणि घरात तू होतास. मी म्हटलं, चल सभेला.

शाळेच्या मैदानात लांब लांब बसलो. तू खरं बोललास. तेवढं एक तुला आईनं शिकवलं होतं. म्हणालास, "मला वाटतं, मोठं गिऱ्हाईक औंदा दिवाळीला येनार न्हाई. पुढच्या उन्हाळ्यात येईल, बहुतेक. पुना लाट आली, तर उशीर हुईल." त्यात तीन गोष्टी होत्या, एक वाईट, एक बरी, एक अधांतरी. आणि बायकांनी ऐकली फक्त पहिली. तुझ्या तोंडात 'बहुतेक' हा शब्द सुपारीसारखा कायम असायचा, पण भ्यालेल्या माणसाला 'बहुतेक' ऐकू येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभी, तर समोरून बायकांची रांग. डोक्यावर टोपल्या, टोपल्यांत सीताफळं, हिरवीगार. सगळ्यांच्या पुढं कौसा.

"कौसे, अगं हे काय केलंस?"

"सर म्हनले गिऱ्हाईक येत न्हाई. मंग झाडावर ठिऊन काय पूजा करू? पुना बंद केलं म्हंजी? आंबाजोगाईला निऊन इकते, जे येईल ते."

"अगं, पण डोळे उघडलेत का?"

कौसानं टोपली सावरली आणि ती पुढं गेली.

साहेबांना हे पण सांगायला पाहिजे होतं. सीताफळ झाडावर पिकू देत नाहीत, पिकलं की पाखरं खातात. ते कच्चंच तोडायचं, पण कधी? त्याच्या अंगावरचे खवले भरले की खवल्यांमधल्या फटी रुंदावतात, पिवळट-पांढऱ्या दिसायला लागतात. त्याला आम्ही म्हणतो डोळे उघडले. डोळे उघडलेलं फळ भुसकटात आढी लावून ठेवलं की चार दिवसांत लोण्यासारखं होतं. त्याआधी तोडलं तर जन्मात पिकत नाही. काळं पडतं, आक्रसतं, लाकडासारखं कडक होतं. हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. कौसानं तर जन्म काढला त्या टेकडीवर. पण तिचा पोरगा चाकणहून रिकाम्या हातानं परत आलेला, सून बाळंतीण. जे ठाऊक होतं ते भीतीपुढं टिकलं नाही.

बाजारात कुणी हात लावला नाही. टोपल्या परत आल्या. बायकांनी वेड्या आशेनं आढी लावली आणि रोज भुसकट बाजूला करून दाबून बघायच्या. शेवटी संस्थेच्या मागं काळ्या फळांचा ढीग पडला. टेकडीचं निम्मं अंग रिकामं झालं होतं.

तू त्या ढिगापाशी जाऊन दगडावर बसलास. एक फळ हातात घेऊन अंगठ्यानं दाबत राहिलास. मी रागानं पेटून आले होते, बायकांवर, तुझ्यावर, कोरोनावर. तू वर बघितलंस आणि म्हणालास, "आक्का, ह्ये माज्या अंदाजानं केलं. मी म्हनलो दिवाळी वाईट जाईल, आन् मी म्हनलो म्हून ती आत्ताच वाईट झाली."

मग आपलं जे भांडण झालं! कौसा लांबनं बघत होती, तिला वाटलं आता भाऊ-बहीण मारामारी करतात.

तू म्हणालास, "मंग काय खोटं सांगायचं व्हतं? सगळं गोड हुईल म्हनून?"

"खोटं कशाला? गप बसायचं."

"इचारल्यावर गप बसनं बी खोटंच की."

"अरे, पण माणसं बघून बोलावं!"

"कावून? त्यांना खरं पेलत न्हाई म्हून? तू त्यांची चेअरमन हाईस का सासू?"

सासू म्हणालास मला. ते अजून लागलेलं आहे. पण तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं ते कुठून आलं मला ठाऊक नाही. मी म्हणाले, "खरं सांगितलंस, चांगलं केलंस. पण सांगून उठून गेलास. सभा संपली, तू गच्चीवर गेलास, लॅपटॉप उघडलास. अंदाज सांगणाऱ्यानं सांगून उठू नये. बसावं. घाबरलेली माणसं काय करतात ते बघत बसावं."

वादात तू गप्प झालेला मी जन्मात पहिल्यांदा बघितला आणि मलाच कसंतरी झालं.

आठवडाभरात रस्ते मोकळे झाले. पुण्याहून ऑफिसचे फोन सुरू झाले, सर कधी येता. मी तुझी बॅग भरायला घेतली, तर तू त्यातनं तुझे शर्ट काढून पुन्हा खुंटीला लावलेस. त्याच दुपारी तू स्वतः बायकांना बोलावलंस. पुन्हा शाळेचं मैदान. तू उभा नाही राहिलास, खाली त्यांच्यात बसलास. म्हणालास, "मी देशाचं सांगितलं, तुमी टेकडीचं ऐकलं. टेकडीचं मला ठाऊक न्हाई. खरंच न्हाई. पन हंगाम सरूस्तर मी हितंच बसतो. जे हुईल ते संगट बघू."

कौसा म्हणाली, "सर, न्हाई ठाऊक म्हनलात ते लई बरं केलं. आमाला वाटलं आमालाच ठाऊक न्हाई." सगळ्या बायका हसल्या. कित्येक महिन्यांनी त्या गावात एवढी माणसं एकदम हसली असतील.

टेकडीच्या वरल्या अंगाची झाडं उशिरा येतात, तिथपर्यंत बायका गेल्या नव्हत्या. तेवढी फळं शिल्लक होती. ती भरेपर्यंत तू टाकीपाशी बसून फोन लावत राहिलास. मोठ्या आइस्क्रीमवाल्यांना नाही, ते उचलतच नव्हते. मिठाईवाल्यांना, आचाऱ्यांना, घरी ऑर्डर घेणाऱ्या बायकांना, परळी, लातूर, बीड, जिथं नंबर मिळेल तिथं. आणि परळीचा एक मिठाईवाला बोलून गेला, "सर, लग्नं थांबलीत कुठं? घरातल्या घरात उरकायलेत. पन्नास माणसं, पर बासुंदी पाहिजेच. तुमची बादली मी काय करू? लहान पाकीट द्या की."

तू जिना उतरून धावत आलास. साखर असलेला, पोट सुटलेला माणूस, दोन दोन पायऱ्या! "आक्का, पाकीट! बादली न्हाई, पाकीट!" मला आधी वाटलं तुझं पैशाचं पाकीट हरवलं.

ते तुलाही सुचलं नव्हतं, मलाही नाही, कौसाला नाही. विचारत बसलो म्हणून सापडलं. वरल्या अंगाचे डोळे उघडले, तोड झाली, आढ्या लागल्या, आणि आम्ही गर लहान लहान पाकिटांत भरला. तू बिया काढायला बसायचास. काढायचास कमी आणि तोंडात टाकायचास जास्त. डॉक्टरनं सीताफळाचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? मी ओरडले की म्हणायचास, "तपासनी करतोय." त्या हंगामात कुणी बंगले बांधले नाहीत. पण संस्थेला कुलूप लागलं नाही. पुढच्या सीताफळाला फ्रीजर चालू होता.

आता हिशोबाचं बोलू. तुझा अंदाज चुकला का? साहेबांना वाटतं नाही. कौसाला वाटतं हो. मला वाटतं, अर्धा. देशाचा आकडा तू म्हणालास तसाच उसळला, टीव्हीवाले नाचले. गिऱ्हाईक मात्र तू म्हणालास त्याच्या आधीच आलं, लहान होऊन आलं, म्हणून तुला दिसलं नाही. आणि शिडीचं तू म्हणालास ते तंतोतंत खरं ठरलं. देश उठला तरी कौसाचा पोरगा कितीतरी दिवस पारावर बसून होता. त्याला काम लागलं ते सगळ्यांच्या शेवटी. ज्या अर्ध्यात तू बरोबर ठरलास, त्यात चुकला असतास तर मला जास्त आवडलं असतं.

कोरोनाच्या वर्षीची येळवस तुला आठवते? अमावास्येला सगळं गाव रानात जेवायला जायचं, पण त्या वर्षी जो तो आपल्याच शेतात, आपापलं. कुणी कुणाला हाक मारली नाही. तू बांधावर उभा राहून म्हणालास, "आक्का, ही मंदी." पुढच्या येळवशीला तू मुद्दाम पुण्याहून आलास. कौसाच्या रानातून बोलावणं, त्याच्या पुढच्या रानातून बोलावणं. एका ठिकाणची भज्जी, दुसऱ्या ठिकाणचं आंबिल. चालताना तुझ्या पोटातनं आवाज येत होता. कौसाचा पोरगा वाढत होता, त्याला नुकतंच काम लागलेलं. तू त्याच्याकडून आंबिलाचा तांब्या घेतलास आणि एकाएकी डोळे पुसलेस. मी विचारलं तर म्हणालास, "मिरची लागली." आंबिलात कुठं एवढी मिरची असते रे?

त्यानंतर तू टीव्हीवर आलास की मी संस्थेतल्या बायकांना घेऊन बघायचे. निम्मं इंग्रजी असायचं, त्यांना कळायचं नाही, मलाही सगळं नाही. पण एक गोष्ट कळायची. बाकीचे साहेब नवा अंदाज सांगून मोकळे व्हायचे. तू आधी म्हणायचास, "मागच्या वेळी मी इथं चुकलो," आणि कुठं, कशामुळं ते नीट सांगायचास, मग पुढचं. देशासमोर बसून माझा भाऊ मी चुकलो म्हणतोय आणि त्याचं तोंड पडत नाही. माझी छाती फुगायची, मिलिंदा. फोनवर मात्र मी म्हणायचे, "टाय वाकडा होता." तुझं ते चुकलो म्हणणं मला किती भारी वाटायचं हे सांगायचं राहिलं. आता सांगते. लई भारी वाटायचं.

औंदा पुन्हा पावसानं दगा दिला. मृगात नाचला आणि नंतर तोंड फिरवलं. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतंय. टेकडीवर फळ धरलंय, पण बारीक आहे. तुझा शेवटचा फोन आला तेव्हा तू विचारलंस, "आक्का, डोळे उघडले का?" सीताफळाचे दिवस आले की तुझा हाच प्रश्न असायचा. उघडले म्हटलं की तू रजा टाकून यायचास. मी सांगणार, तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, पाणी आलं, पाणी आलं. मी म्हणाले, "ठेव रे, पाणी आलंय." आणि ठेवला. याचं मला काही वाटून घ्यायचं नाही. दुष्काळात नळ आल्यावर प्रत्यक्ष आईनं फोन केला असता तरी मी ठेवला असता, आणि तूही हसून ठेवला असशील. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

तू गेलास आणि इकडं जुनीच गोष्ट नव्यानं सुरू झाली. फळ बारीक, पाऊस नाही, कुणीतरी बातमी आणली की शहरातला खप मंदावलाय. बायकांची चुळबुळ सुरू झाली. तोडून टाकू, विकून टाकू, झाडावरच वाळली तर? तुझा कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सभा घेतली. एक नवीन सून म्हणाली, "सर असते तर सांगितले असते. आता कोन सांगनार?" सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. आणि मला तुझा इतका राग आला म्हणून सांगू! म्हटलं, बघ, गेलास की नाही शेवटी सांगून उठून. एवढं भांडले होते, एवढं म्हणाले होते, बसावं म्हणून.

तेवढ्यात कौसा उठली. आता तिची कंबर वाकलीय, उठायला वेळ लागतो. म्हणाली, "देशाचं मला ठाव न्हाई. टेकडीचं बी न्हाई. एकदा हिरवं तोडून बगितलंय मी, त्ये कसं व्हतं त्येवडं ठाव हाय. डोळे उगडूस्तर मी खाली वाटंवर बसते. ज्याला वर जायचं त्यानं मला वलांडून जावं." आणि खरंच गेली बया. टेकडीच्या पायथ्याला पोतं अंथरलं, पानाची चंची काढली आणि बसली. दुसऱ्या दिवशी ती नवीन सून तिच्याशेजारी बसलेली. तिसऱ्या दिवशी पाच-सहा जणी. भाकरी तिथंच, गप्पा तिथंच. टोपली घेऊन वर कुणी गेलं नाही.

मी लांबनं बघितलं आणि माझा राग निवाला, मिलिंदा. तू उठून गेला नाहीस. तू या सगळ्यांना त्या पोत्यावर बसवून गेलास.

आज सकाळी कौसा घरी आली. पदराखालून एक सीताफळ काढलं. बारीक आहे, मुठीत मावेल एवढं. पण खवल्यांच्या फटी पिवळ्या, रुंद, एकूण एक. ते तिनं दोन्ही हातांत धरलं आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडं बघून मला विचारलं, "सरांपुढं ठिऊ?"

मी म्हटलं, "नको गं, त्याला शुगर होती."

आधी ती हसली. मग मी. मग दोघींनी एकमेकींच्या गळ्यात पडून जे रडून घेतलं, ते त्या दिवशी विहारात राहिलं होतं. ते फळ मी भुसकटात ठेवलंय. चार दिवसांनी तुझ्या वाटचं मीच खाईन.

तुझ्या फोनचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते देते. उघडले रे, मिलिंदा. उद्या तोड आहे. फळ बारीक, पण गर भरलेला आहे. परळीच्या मिठाईवाल्यानं पाकिटं सांगितलीत. पुढं काय होईल मला ठाऊक नाही. गुडघे ऐकत नाहीत, म्हणून वर काही मी चढणार नाही. खाली कौसाच्या पोत्यावर तिच्याशेजारी जागा आहे. हंगाम सरूस्तर मी तिथंच बसणार हाय.